नळाचं पाणी, हंड्याचं पाणी

ग्रामपंचायतीत पाणी तपासणं म्हणजे 'ओटी' करणं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर टीसीएल, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर, पडली आहे; नाही आला तर गावचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाला बोलणी बसणार. जानेवारी 2025मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याकडच्या पट्ट्यात जीबीएस (गियां-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींच्या तपासणीत दूषित पाण्यातूनही पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. तेव्हा शहरी पुणेकरही विहीर, टँकर आणि क्लोरीन यांवर बोलू लागले.

नळाला सोडलेला क्लोरीन घरातल्या भांड्यात किती वेळ टिकतो, हा प्रश्न घेऊन आज काही विद्यापीठांतले विद्यार्थी निर्वासितांच्या छावण्यांमधल्या पाण्यावर संशोधन करतात. विषयाचं नाव भारदस्त आहे: मानवतावादी जल अभियांत्रिकी. कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात जागतिक आरोग्याच्या संशोधनाला वाहिलेल्या दाहदालेह संस्थेत हे काम चालतं. ऐकायला परकं वाटतं, पण त्याचा एक जुना धागा थेट पुण्यात येतो.

1955च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. गंमत अशी, की टायफॉइड वाढला नाही. म्हणजे क्लोरीनने जीवाणू मारले होते आणि विषाणू निसटला होता. ही नेहमीची हेपटायटिस ए असणार, असं पुढे बरीच वर्षं धरून चालले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले (एनआयव्ही) शास्त्रज्ञ (त्यांत संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी होत्या) आणि अमेरिकेतले सहकारी यांनी त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले. 1980मध्ये जाहीर झालं, की हा ए नाही आणि बीही नाही. त्यालाच आज हेपटायटिस ई म्हणतात. गरोदर बाईला तो झाला तर जिवावर बेततो. कोविडमुळे एनआयव्हीचं नाव घराघरांत पोचलं, पण ही गोष्ट पुण्यातही फारशी कुणी सांगत नाही.

दुसरा धागा छावण्यांचा. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. आजारी माणूस त्याने वाचला. पाण्याचं काम राहिलं. 1979मध्ये पीटर गथ्री हा ब्रिटिश अभियंता मलेशियात व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत राबून आला. अशा कामाला डॉक्टरांइतकेच अभियंते लागतात, हे त्याने तिथे पाहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याने मदतकार्याला अभियंते पुरवणारी 'रेडआर' ही संस्था काढली. तिच्या भारतीय शाखेचं कार्यालय पुण्यातच आहे.

तरीही छावणीत पाणी किती आणि कसं द्यायचं याचे नियम असे नव्हतेच. ते आले गोमानंतर. जुलै 1994मध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक काँगोतल्या (तेव्हाच्या झाईरमधल्या) गोमाला लाव्हाच्या कातळावर येऊन बसले. शौचखड्डा खणायला पहार चालत नव्हती, पाणी किवू सरोवराचं. महिन्याभरात सुमारे 50,000 माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. त्या हादऱ्यातून 1997मध्ये मदतकार्यासाठीच्या 'स्फिअर' मानकांचं काम सुरू झालं: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 जण, नळ घरापासून 500 मीटरच्या आत. पंधरा लिटर म्हणजे आपली आंघोळीची एक बादली. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं भागवायचं. आणि नळाच्या तोंडाशी लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन.

हा शेवटचा आकडा मुळात शहरातल्या पाइपांच्या हिशेबाचा. छावणीत पाणी जेरीकॅनमधून वाहून नेतात, झोपडीत दिवसभर ठेवतात, त्यात पेला बुडवतात. ऊन, गरमी, भांड्याच्या तळाचा गाळ, बुडालेले हात, सगळे मिळून क्लोरीन खातात. 2013मध्ये दक्षिण सुदानच्या छावण्यांत हेपटायटिस ई असताना संशोधकांनी नळावर मोजलं आणि त्याच पाण्यामागे झोपडीपर्यंत जाऊन काही तासांनी पुन्हा मोजलं. त्यातून निघालं, की दहा तासांनंतर 0.2 उरायला हवा असेल तर तिथे नळाला 1 मिलिग्रॅम लागतो. जॉर्डन आणि रवांडात मोजल्यावर क्लोरीन उतरण्याचा वेग वेगळा निघाला. तेव्हा एकच आकडा सगळीकडे चालणार नाही, आणि इथूनच विद्यार्थ्यांचं काम सुरू होतं: छावणीतल्या रोजच्या नोंदी घेऊन, न्यूरल नेटवर्क (नोंदींवरून शिकून अंदाज बांधणारी संगणक प्रणाली) वापरून, त्या जागेपुरती मात्रा काढायची. बांगलादेशातल्या कुतुपालोंगच्या रोहिंग्या छावणीत हे साधन वापरून पाहिलं गेलं.

संगणकाचा भाग मला दुय्यम वाटतो. कठीण काम आहे ते हंड्यामागे घरापर्यंत जाणं, कारण तपासणी करणाऱ्याची हद्द नळापाशी संपते.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला यासाठी आफ्रिका गाठायला नको. आषाढात लाखोंची छावणी आपल्याच रस्त्याने चालत जाते. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि कॉलरा ही जोडी सरकारी अहवालांतली नेहमीची; आज पालखीच्या वाटेवर विहिरींत टीसीएल पडते, टँकरच्या पाण्याची ओटी होते. हडपसरला टँकरवर भरलेली बाटली दिवे घाट चढून सासवडला पोचते तेव्हा तिच्यात किती क्लोरीन उरलेला असतो, हे मोजायला एक क्लोरोस्कोप (क्लोरीन मोजायचा छोटा संच), एक घड्याळ आणि उन्हात चालायची तयारी एवढंच लागतं.