अर्धवट गार पाणी आणि कासवाचं पिल्लू

उत्तर अमेरिकेतल्या 'पेंटेड टर्टल' जातीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पुष्कळदा पहिला हिवाळा घरट्यातच, मातीखाली काढतात. तापमान शून्याखाली उतरलं तरी ती तगतात. मग काचेच्या टाकीतल्या पिल्लाला हीटर कशाला?

घरट्यातल्या पिल्लांनी अजून काही खाल्लेलं नसतं. बलकाचा उरलेला साठा त्यांना पुरतो, कारण कडक थंडीत शरीराचा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. टाकीतल्या 17-18 अंशांच्या पाण्यात पिल्लाला धड झोपही लागत नाही आणि धड जागंही राहता येत नाही. पोटात गेलेलं अन्न पचत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते, जंतू मात्र कामाला लागलेले असतात. खरा धोका आहे तो या अर्धवट गारव्याचा.

कासव स्वतःची उष्णता फारशी निर्माण करत नाही. तापमान 10 अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यात पिल्लू इवलंसं. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे पाणी जेवढं गार, जवळजवळ तेवढंच पिल्लूही गार.

घरोघरी पाळल्या जाणाऱ्या लाल कानाच्या कासवाच्या पिल्लांना साधारण 26 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. मोठ्यांना थोडं कमी चालतं. 40 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 167 किलोज्यूल ऊर्जा लागते. उष्णता कुठे वाया गेली नाही, तर 100 वॉटचा हीटर हे काम 28 मिनिटांत करतो. पण वाया जातेच, आणि त्यातली बरीचशी वाफेबरोबर. टाकीतलं 150 मिलिलिटर पाणी उडून गेलं, तर बाकीचं पाणी 2 अंशांनी गार होईल इतकी उष्णता त्याच्यासोबत जाते. म्हणून टाकीचा काही भाग झाकलेला बरा. हवा खेळती राहिली म्हणजे झालं. वीज गेली तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळावी. उकळतं पाणी ओतू नये.

हीटर थर्मोस्टॅटचाच घ्यावा, आणि त्यावर प्लॅस्टिकची जाळी हवी. कासवं धडका देतात, काच फुटते. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करायचा. उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागताच तडकतो. थर्मामीटर हीटरपासून दूर, टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावावा. हीटरच्या डायलवरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

मात्र 'जास्त ऊब म्हणजे जास्त माया' हा हिशोब इथे चुकतो. पाणी 30 अंशांवर गेलं की पिल्लाला बाहेर येण्याचं कारणच उरत नाही. दिव्याखालची कोरडी जागा 32 ते 35 अंशांची आणि पाणी त्याहून स्पष्टपणे गार, असा फरक हवा. तो असला की पिल्लू स्वतःच ये-जा करून शरीराचं तापमान जुळवतं, कवचही कोरडं होतं. आणि हो, पिल्लू नर की मादी हे या जातीत अंडं उबत असतानाच्या तापमानावर ठरतं. टाकीतल्या पाण्याने त्यात काही बदल होत नाही.

पिल्लू एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर फुप्फुसात संसर्ग असू शकतो. अशा वेळी पाणी नीट उबदार ठेवावं, पण तेवढ्यावर थांबू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवावं.