उमेदवार माघारी फिरला, तर निवड कोणाची?

27 जून 2024 रोजी अटलांटातल्या वादचर्चेत अध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन ट्रम्प यांच्यासमोर वारंवार अडखळले आणि पक्षात पर्यायी नावं पुढे येऊ लागली: उपाध्यक्ष कमला हॅरिस, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम, मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर. पण नावांइतकाच मोठा प्रश्न होता निवडीच्या अधिकाराचा. पक्षाचा उमेदवार मतदारांकडून ठरवून घेणाऱ्या प्राथमिक निवडणुका, म्हणजे प्रायमरी, तोवर उरकल्या होत्या. मग बदली उमेदवार ठरवायचा कोणी?

या प्रश्नाची जखम 1968 ची आहे. त्या वर्षी 31 मार्चला डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टीव्हीवरच्या भाषणाच्या शेवटी आपण पुन्हा उभे राहणार नाही, असं सांगून टाकलं. जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले रॉबर्ट केनेडी कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकले आणि त्याच रात्री त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. ते एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. अधिवेशनात मत देऊन उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींची मोट त्यांच्यासाठी ठिकठिकाणच्या पक्षनेत्यांनी बांधली होती. बाहेर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर पोलीस व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांना दंडुक्यांनी झोडपत होते आणि देश ते टीव्हीवर पाहत होता. हम्फ्री नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन निक्सन यांच्याकडून हरले.

त्यातून निवडीचे नियम बदलणारा पक्षाचा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि प्रतिनिधींची निवड नेत्यांच्या बंद खोलीतून मतदारांकडे सरकली. माझ्या मते पक्षाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची सुधारणा. मात्र मतदान होऊन गेल्यावर उमेदवारच बाजूला झाला, तर मतदाराला पुन्हा विचारायची सोय तिच्यात नव्हती.

1972 मध्येच ते दिसलं, तेही उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीवरून. थॉमस ईगलटन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उघड झालं आणि 31 जुलैला ते बाजूला झाले. त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी एडवर्ड केनेडी, हम्फ्री, मस्की अशा एकेकाला विचारलं. सगळ्यांनी नकार दिला. अधिवेशन होऊन गेलेलं, म्हणून शेवटी पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं.

2024 मध्ये मात्र अधिवेशन अजून व्हायचं होतं, त्यामुळे निर्णय प्रतिनिधींच्या हाती होता. 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि थोड्याच वेळात हॅरिस यांना पाठिंबा दिला. खुली स्पर्धा व्हावी, असं म्हणणारे आवाज पक्षात होते. पण निवडणूक 107 दिवसांवर आलेली आणि प्रचारनिधीचं खातं बायडन-हॅरिस या जोडीच्या नावावर. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत हॅरिस यांच्यामागे पुरेसे प्रतिनिधी उभे राहिले होते. निदान दोन-तीन जाहीर वादचर्चा तरी व्हायला हव्या होत्या, असं मला ठामपणे वाटतं. मतदानाला नाव यायचं तर 300 प्रतिनिधींच्या सह्या हव्या होत्या. त्या एकट्या हॅरिस यांनीच जमवल्या. 19 ऑगस्टला शिकागोत अधिवेशन सुरू होण्याआधीच ऑनलाइन मतदानाने उमेदवारी ठरलेली होती.