भरलेला पूल आणि भूकंपाचं गणित

संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकावरच्या उड्डाणपुलावर गाडी अडकली की पायाखाली बारीक थरथर जाणवते. शेजारच्या लेनमधून कांद्याचा ट्रक जॉइंटवरून धडधडत पुढे सरकतो आणि आपली उभी गाडीसुद्धा तिच्या स्प्रिंगवर किंचित डोलते. भूकंपात पूल हलू लागला, तर अशा डोलणाऱ्या शेकडो गाड्या त्याला सावरतील की आणखी ओढतील? पूल बांधणाऱ्यांनी हा प्रश्न बराच उशिरा हातात घेतला.

त्याला कारण होतं. पूल गाड्यांनी गच्च भरलेला असताना नेमका त्याच मिनिटाला मोठा भूकंप येणं दुर्मीळ, असं गृहीत धरलं जाई. अनुभवही तसाच होता. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप पहाटेचा, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचाही पहाटेचा. 17 जानेवारी 1995 ला कोबेमध्ये हानशिन एक्स्प्रेसवेचा 635 मीटरचा तुकडा आडवा झाला, तो पहाटे 5:46 ला. रस्ते तेव्हा जवळपास रिकामे होते.

17 ऑक्टोबर 1989 चा कॅलिफोर्नियातला भूकंप मात्र संध्याकाळी 5:04 ला आला. ओकलंडमधला सायप्रेस स्ट्रीटचा दुमजली पूल कोसळून 42 जण गेले. बेसबॉलचा मोठा सामना असल्याने बरेच लोक लवकर घरी पोचले होते, नाहीतर हा आकडा कुठे गेला असता! तो पूल गाड्यांच्या वजनाने पडला नव्हता. खांबांच्या सांध्यांतलं अपुरं स्टील आणि खालची मऊ माती त्याला नडली. पण गर्दीच्या वेळी पूल हलू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

गाडी पुलावर नुसतं वजन म्हणून बसत नाही. ती टायर आणि स्प्रिंगवर उभी असते. पूल एका बाजूला झुकला की गाडीचा सांगाडा क्षणभर मागे राहतो आणि उलट्या दिशेने खेचतो. दोघांची लय अशी विरुद्ध पडली, तर पुलाचं हलणं कमी होतं. लय जुळली तर मात्र तीच गाडी पुलावरचा भार वाढवते. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रेनो इथल्या प्रयोगशाळेत याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. सुमारे 44 मीटर लांबीचा, वळणाचा, छोट्या प्रमाणातला पूल कंपन-मंचांवर उभारला आणि त्यावर सहा खऱ्याखुऱ्या पिकअप गाड्या ठेवल्या. हादरे सौम्य असताना गाड्यांनी पुलाला मदत केली. हादरे वाढत गेले तसा हा फायदा आटत गेला. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पुलाला आधाराची खरी गरज मोठ्या हादऱ्यातच असते.

आपल्याकडे भूकंपरोधक बांधकामाचं मानक, आयएस 1893, पहिल्यांदा 1962 मध्ये आलं. गोदावरीवरचा अहिल्यादेवी होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा; त्याच्या वेळी असा नियमच नव्हता. मानकाच्या 1984 च्या आवृत्तीत वाहतुकीच्या दिशेने गाड्यांमुळे येणारं भूकंपाचं बळ धरायचं नाही, कारण चाकं त्या दिशेने फिरू शकतात, असं ठरलं. आडव्या दिशेने रस्त्यावरच्या पुलांसाठी गाड्यांच्या भाराचे 25 टक्के आणि रेल्वेपुलांसाठी 50 टक्के धरायचे होते. पुढे रस्ते-पुलांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमांत रस्त्याच्या पुलांसाठी 20 टक्के आले. अमेरिकेच्या नियमावलीत हाच हिस्सा निम्मा धरणं रास्त मानलं जातं. दोन देशांच्या आकड्यांत एवढा फरक आहे, यावरूनच कळतं की हा निर्णय गणितापेक्षा अंदाजाने अधिक झाला आहे.

त्याच भारतीय मानकाच्या 2002 च्या आवृत्तीत नाशिक झोन 3 मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याचं. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण भागांतले सौम्य धक्के दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या वेधशाळेत नोंदले जातात, पेपरात चार ओळी येतात आणि विषय तिथेच संपतो. इकडे आपला उड्डाणपूल मात्र रोज संध्याकाळी भरतो, आणि कांदा-द्राक्षांच्या हंगामात भरलेले ट्रक त्यावर ओळीने उभे असतात. 20 टक्क्यांचा अंदाज वाहत्या रस्त्याला शोभतो. तासभर अडकलेल्या पुलाला तो पुरतो का, हे इथे मोजलं पाहिजे. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पुलावर प्रत्यक्ष किती टन वजन किती वेळ उभं राहतं, याची नोंद ठेवावी आणि ती नियमातल्या 20 टक्क्यांशेजारी मांडावी.