'कुशल' या शब्दातून सुईण बाहेर कशी पडली

माता आरोग्याच्या सर्वेक्षणात विचारतात, प्रसूती कोणी केली? डॉक्टर, नर्स, एएनएम (गावपातळीवरची सरकारी परिचारिका) असं उत्तर आलं तर नोंद 'कुशल' होते. सुईण म्हटलं तर होत नाही, मग तिने सरकारी प्रशिक्षण का घेतलेलं असेना.

हे प्रशिक्षण सत्तरच्या दशकात देशभर सुरू झालं. सुईणीला पेटी मिळायची: साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, खाली अंथरायला प्लॅस्टिक. हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ, या पाच स्वच्छता तिच्याकडून घोकून घेत. रोख धनुर्वातावर होता आणि तो बरोबरच होता. नवजात बाळं धनुर्वाताने दगावत होती.

सुरक्षित मातृत्वावर १९८७ मध्ये नैरोबीत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर मात्र प्रश्न आईच्या मृत्यूचा झाला. अतिरक्तस्राव, झटके, अडलेलं बाळंतपण यांवर स्वच्छ ब्लेड काय करणार? तिथे रक्त लागतं, शस्त्रक्रिया लागते. सुईणींच्या प्रशिक्षणाने मातामृत्यू घटल्याचं नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांना ठामपणे दाखवता आलं नाही. २००४ मध्ये 'कुशल' ची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली आणि पारंपरिक सुईण, प्रशिक्षित असली तरी, तिच्यातून वगळली गेली.

वैद्यकीयदृष्ट्या हे समजण्यासारखं आहे. पण सुईण फक्त नाळ कापत नव्हती. ती कळा सुरू झाल्यापासून कंबर चोळत बसायची, बाळंतिणीला शेक-मालिश करायची, पुढचे कित्येक दिवस घरी यायची. व्याख्येने तिचं वैद्यकीय काम नर्सकडे दिलं. बाकीचं कोणाकडे दिलं, हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते या धोरणाची सगळ्यात मोठी चूक ती आहे.

व्याख्येच्या पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख रक्कम मिळू लागली. २००५-०६ मध्ये ३९ टक्के असलेल्या संस्थात्मक प्रसूती २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर गेल्या. देशात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मधल्या २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ झाले, महाराष्ट्रात ३३. तरी २०१० मध्ये योजनेचं जे मोठं मूल्यमापन झालं, त्यात बाळांचे मृत्यू घटलेले दिसले, आयांच्या मृत्यूंवरचा परिणाम दाखवता आला नाही. बाई दवाखान्यात पोचली, पण रक्त आणि भूलतज्ज्ञ तिथे असतीलच असं नव्हतं.

आणि प्रसूतिकक्षात ती एकटी होती. सासू, आई, जाऊ दाराबाहेर. सोबत एक बाई असू द्यावी असं केंद्राने सांगितलं ते २०१६ मध्ये. २०१८ मध्ये मिडवाइफचा स्वतंत्र संवर्ग तयार करायचं ठरलं: दीड वर्षाचं प्रशिक्षण, नैसर्गिक प्रसूतीवर भर, बाईशी सन्मानाने वागण्याचे धडे. प्रवेशासाठी आधी नर्सिंगची पदवी किंवा पदविका लागते.