पक्क्या लायसन्सआधी गाडी किती तास चालवावी?

माझ्या पुतणीने साताऱ्यातील एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस रोज अर्धा तास गाडी चालवली आणि शिकाऊ लायसन्सला महिना होताच पक्क्या लायसन्सच्या चाचणीची तारीख घेऊ का, असे मला विचारले. तिचा हिशेब नियमाला धरूनच होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी चाचणी देता येते आणि हलक्या वाहनासाठी प्रशिक्षण शाळेने किमान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची असते. मात्र ते ३० दिवस केवळ थांबण्याचे आहेत. त्या काळात ज्याने स्टिअरिंगला हातही लावला नाही, त्याचेही ते भरतातच.

तिला घेऊन मी पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे निघालो. चढावर वाहतूक तुंबली. तिने हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, हाफ क्लचवर गाडी थरथरू लागताच हँडब्रेक सोडला आणि गाडी तसूभरही मागे न घसरता पुढे निघाली. त्याच क्षणी दोन उभ्या गाड्यांमधून पिशवी घेतलेल्या एक आजी रस्त्यावर उतरल्या. मी "ब्रेक!" म्हणून ओरडलो तेव्हा कुठे तिचा पाय पडला. "काका, मला त्या दिसल्याच नाहीत हो," असे ती नंतर म्हणाली, आणि ते अगदी खरे होते.

डोळे उघडे असूनही न दिसण्याचे कारण मेंदूत आहे. नव्या कौशल्याची प्रत्येक पायरी आपण सुरुवातीला जाणीवपूर्वक पार पाडतो आणि त्यासाठी लागणारी कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरते मनात धरून ठेवण्याची क्षमता, फार तोकडी असते. पुष्कळ सरावानंतर त्या हालचालींचा भार लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके उचलू लागतात, तेव्हा लक्ष रस्त्यासाठी मोकळे होते. इस्रायलमधील संशोधकांनी १९९८ साली असे दाखवले की हाताने गिअर बदलावा लागतो तेव्हा नवशिक्यांच्या नजरेतून रस्त्यावरच्या पाट्या अधिक सुटतात, तर अनुभवी चालकांना त्याने काही फरक पडत नाही. १९७२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात नवशिक्यांची नजर गाडीच्या अगदी पुढ्यात खिळलेली आणि आरशांकडे क्वचितच वळणारी आढळली होती.

ही मोकळीक दहा तासांत येत नाही. ब्रिटनमध्ये चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यांचा सरासरी सराव शिक्षकाकडे ४५ तास आणि त्याखेरीज २२ तास, असा सांगितला जातो. स्वीडनने १९९३ साली सरावाचे किमान वय साडेसतरावरून सोळावर आणले. ज्यांनी या सवलतीचा लाभ घेतला, त्यांचा सराव सरासरी ११८ तासांपर्यंत गेला आणि लायसन्सनंतरचा त्यांचा अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. ही सगळी घट केवळ सरावाची नव्हे, त्यात घरच्या परिस्थितीचाही वाटा असावा, हे संशोधकांनीच नमूद केले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तासांची नोंदवही भरावी लागते, आणि त्यांतील २० तास रात्रीचे असतात.

रात्रीचा हा आग्रह सातारा-सांगलीकडच्या माणसाला चटकन पटावा. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि मागून आपण ताशी ८० ने येत आहोत, असे समजा. मधले १०० मीटर अंतर सहा सेकंदांत संपते. पुढचे वाहन जवळ येत आहे हे डोळ्याला त्याची आकृती मोठी होत जाण्यावरून कळते; पण अडीच मीटर रुंदीची ट्रॉली २०० मीटरवर जेमतेम पाऊण अंशाची दिसते आणि १०० मीटरवर दीड अंशाच्या आतच राहते. फरक ठळक होईपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. अंधारात, उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याकडच्या पानांनी, मागचा दिवा झाकलेला असेल, तर मोठी होताना दिसावी अशी आकृतीच उरत नाही. अशा वेळी अनुभवी चालक आधीच वेग उतरवतो, कारण कारखान्याच्या रस्त्यावर या दिवसांत काय असते हे त्याला ठाऊक असते.

सराव एकदम उरकण्यातही तोटा आहे. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना, रोज एकच तास शिकणाऱ्या गटाला रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले, असे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मधल्या झोपेत शिकलेले मुरते.

माझ्या मते आपल्याकडे किमान पन्नास-साठ तास हवेत, आणि त्यांत पाऊस, यवतेश्वरचा घाट, महामार्ग व रात्र यांचा वाटा असावा. अर्थात गाडीला लाल 'एल' आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस हवाच. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असल्याने त्याला पुरेसा वेळही मिळतो. पुतणीच्या वहीत आज ३१ तास आहेत, पण रात्रीच्या रकान्यात दोनच. कारखाने सुरू झाल्यावर तो रकाना भरायचा असे आमचे ठरले आहे, आणि चाचणीची तारीख तिने त्यानंतरची घेतली आहे.