रस्ता नक्की कोणाचा? पीडब्ल्यूडीची थोडी पार्श्वभूमी

रस्त्याला खड्डे पडले की आपल्याकडे पहिला वाद होतो तो रस्ता कोणाचा याचा. बांधकामवाले, म्हणजे पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं), म्हणतात झेडपीचा (जिल्हा परिषदेचा), झेडपीवाले म्हणतात तो तर कधीच तिकडे वर्ग झाला, आणि गावकरी अर्ज घेऊन दोन्हीकडे चकरा मारतात. हे असं का होतं ते समजायला जरा मागे जावं लागेल.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात रस्ते-इमारतींची कामं मिलिटरी बोर्डाकडे असायची. 1854 च्या सुमारास गव्हर्नर जनरल डलहौसीने ती काढून स्वतंत्र खातं केलं, तेच आपलं पीडब्ल्यूडी. आणि या खात्याला हाताखाली शिकलेली माणसं पाहिजेत म्हणून त्याच वर्षी पुण्यात एक वर्ग काढला, तो वाढत वाढत आजचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं, म्हणजे आपल्याकडचं इंजिनिअरिंगचं शिक्षणच मुळात या खात्याच्या गरजेतून आलंय.

तेव्हा सगळं एकाच छताखाली होतं. मुंबईचं जुनं सेक्रेटरिएट, हायकोर्ट, ह्या इमारती मिलिटरी इंजिनिअर लोकांनी बांधल्या, आणि पुण्याचं खडकवासला धरणही याच खात्याचं. विश्वेश्वरय्या 1884 ला इथेच असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, नाशिक-धुळे भागात काम केलं, आणि पुढे खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दार आपोआप उघडणार आणि पातळी उतरली की बंद होणार.

मग वाटण्या सुरू झाल्या. मोटारी वाढल्या आणि रस्त्यांना पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला, तेव्हा 1927 ला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांची कमिटी नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरच्या जादा कराचा रोड फंड आला. 1943 ला देशभरातले चीफ इंजिनिअर नागपुरात जमले आणि रस्त्यांची प्रतवारी ठरली, राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. कोणता रस्ता कोणाचा हे आजही बरंचसं याच प्रतवारीवरून ठरतं, ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

महाराष्ट्र झाल्यावर पाटबंधारे वेगळे झाले आणि रस्ते-इमारतींच्या खात्याला बिल्डिंग्ज अँड कम्युनिकेशन्स म्हणायला लागले, म्हणूनच जुनी माणसं अजून बी अँड सी ऑफिस म्हणतात. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, गावरस्ते आणि इतर जिल्हा मार्ग त्यांच्याकडे गेले, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे राहिले. 1996 ला एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ निघालं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि नंतर समृद्धी त्यांनी केला, म्हणजे मोठी, टोलची, नाव होणारी कामं तिकडे गेली.

मुंबई-गोवा महामार्ग बघा. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटर एनएचएआयकडे (केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे) दिले, तिथून पुढे राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. प्रवासी एकाच रस्त्यावरून जातोय पण जबाबदारी मध्येच बदलते. त्याच पुढच्या टप्प्यात महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या आणि त्यातली माणसं गेली. नवीन पूल वर्षभराच्या आत उभा केला हे खरंच कौतुकाचं, पण जुन्या पुलांची नीट तपासणी होणं जास्त गरजेचं होतं असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रत्येक तुकड्यावर मैलकुली असायचे, घमेलं-फावडं घेऊन पावसाळ्याआधी गटारं मोकळी करायची, साईडपट्टी भरायची, छोटा खड्डा तिथल्या तिथे बुजवायचा. आता हे काम टेंडर काढून होतं आणि टेंडर निघेपर्यंत बोटभर खड्डा हातभर होतो. तक्रार करायची असेल तर आधी कडेचा किलोमीटरचा दगड बघा, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, आणि अर्जात तो किलोमीटर नंबर नक्की लिहा.