हरितगृह वायूंचे अवकाशातून मापन (मराठवाड्याच्या संदर्भात)

कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन यांसारख्या हरितगृह वायूंचे हवेतील प्रमाण उपग्रहावरच्या वर्णपटमापकाने (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या उपकरणाने) ठरवण्याची पद्धत. उपग्रह हवेचा नमुना घेत नाही, जमिनीवरून परतणारा उजेड वाचतो. ऊन वातावरणातून खाली येते, मातीवर किंवा पिकावर आपटून पुन्हा वर जाते. या येण्याजाण्यात प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. कार्बन डाय-ऑक्साइडसाठी १.६१ व २.०६ मायक्रोमीटरचे पट्टे वाचतात, मिथेनसाठी १.६५ किंवा २.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे. जोडीला ऑक्सिजनचा ०.७६ मायक्रोमीटरचा पट्टा लागतो. ऑक्सिजनचा हवेतला वाटा सगळीकडे जवळजवळ सारखाच, त्यामुळे प्रकाशाने एकूण किती हवा ओलांडली ते त्यावरून कळते. बालाघाटाच्या माथ्यावरचा हवेचा स्तंभ गोदाकाठच्या स्तंभापेक्षा आखूड असतो. हा हिशेब चुकला तर डोंगरावर कार्बन कमी असल्याचा नुसता भास होईल. हाती येणारा आकडा संपूर्ण स्तंभाचा सरासरी असतो.

इतिहास फार जुना नाही. युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरील स्कायमाकी हे उपकरण २००२ साली गेले. जानेवारी २००९ मध्ये जपानचा गोसॅट हा केवळ याच कामासाठी बांधलेला उपग्रह कक्षेत पोहोचला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा ओसीओ मात्र अग्निबाणाच्या टोकाचे आवरण न सुटल्याने समुद्रात पडला. त्याच्या जागी बांधलेला ओसीओ-२ जुलै २०१४ मध्ये गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेल्या युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण मिथेन मोजते. एकेका खाणीचा किंवा कचराडेपोचा मिथेन टिपणारा जीएचजीसॅट या कॅनेडियन कंपनीचा पहिला उपग्रह २०१६ साली श्रीहरिकोट्याहून, आपल्याच पीएसएलव्हीने उडाला, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते.

खरी अडचण फरकाच्या बारीकपणाची आहे. हवेत दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डाय-ऑक्साइडचे चारशेवीसच्या वर रेणू असताना एका मोठ्या वीजकेंद्राचा धूर उपग्रहाच्या एका नोंदीत येणाऱ्या सुमारे दोन किलोमीटरच्या चौकटीत त्यात जेमतेम एक-दोन, फार तर काही रेणूंची भर घालतो. मध्य प्रदेशातील ३,९६० मेगावॉटच्या सासन वीजकेंद्राचे उत्सर्जन ओसीओ-२ च्या नोंदींवरून काढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. परळीतील २५० मेगावॉटचे तीन संच त्या मानाने लहान. शिवाय ओसीओ-२ चा पट्टा सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे, तो सोळा दिवसांनी त्याच वाटेने येतो आणि मराठवाड्याच्या अक्षांशावर शेजारच्या दोन वाटांमध्ये दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. धुराचा लोट त्या पट्ट्यात सापडणे हा बराचसा योगायोगच.

मिथेनची गत वेगळी. भाताची खाचरे इथे फारशी नाहीत. मुख्य स्रोत म्हणजे रवंथ करणारी जनावरे. लातूरकडची देवणी, कंधारची लाल कंधारी, म्हशी, शेळ्या गावोगाव गोठ्यांत विखुरलेल्या असतात. ट्रोपोमीची एक चौकट साधारण साडेपाच बाय सात किलोमीटरची. तिच्यात पाच-सात गावांचे गोठे, एखादा पाझर तलाव आणि उकिरडे एकत्र येतात, त्यातून गाय वेगळी काढता येत नाही. कचराडेपो एका जागी असतो, म्हणून बारीक नजरेच्या उपग्रहाला तो सापडू शकतो. पैठणच्या नाथसागरासारखे जलाशय तर सरळ खाली पाहणाऱ्या उपकरणाला काळे दिसतात, कारण या पट्ट्यांतला प्रकाश पाणी शोषून घेते. त्यासाठी उन्हाचा आरसा पडेल अशा कोनातून पाहावे लागते.

ओसीओ-२ आणि ट्रोपोमी दोन्ही दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात, म्हणजे रानातली माणसे भाकरी खाऊन बाभळीखाली टेकलेली असतात तेव्हा. संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवलेले उसाचे पाचट किंवा पऱ्हाट्या त्या घटकेला पेटलेल्या नसतात. आगीचे ठिपके रात्रीही टिपणारी दुसरी उपकरणे आहेत, पण ती वायू मोजत नाहीत.

सर्वांत मोठा घोळ खरिपात होतो. जून ते सप्टेंबर या काळातच सोयाबीन, कापूस, तूर जोमाने वाढतात आणि हवेतला कार्बन ओढून घेतात. नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असते. ओसीओ-२ च्या रोजच्या सुमारे दहा लाख नोंदींपैकी जेमतेम दशांशच जगभरात ढगाळ-धुरळ्यातून निभावतात, पावसाळ्यात इथे आणखी कमी. उपग्रहाला खरीप दिसतो तो मुख्यतः पावसाला खंड पडून ऊन पडते तेव्हा, आणि खंडात पीक सुकू लागलेले असते. म्हणजे चांगल्या दिवसांच्या नोंदी गळतात आणि वाईट दिवसांच्या टिकतात. खरिपाने किती कार्बन शोषला याचे अंदाज वाचताना हा कल ध्यानात ठेवावा लागतो. ऑक्सिजनच्या पट्ट्यालगतच हरितद्रव्यातून निघणारी मंद लाल प्रतिदीप्तीही (पानातून बाहेर पडणारा क्षीण उजेड) मोजता येते. पान अजून हिरवे असताना प्रकाशसंश्लेषण मंदावले, तर ती घटते. ऑगस्टच्या खंडात शेत बांधावरून ठीक दिसत असते, तेव्हा ही घट वरून आधी कळू शकते.